रडण्याची मालकी

"नीट ऐक, अपा. न्यायाधीशबाई विचारतील, हा कोशोक कुणी रचला? मग तू काय सांगशील?"

"मी रचला."

"असं पुटपुटायचं नाही. मोठ्यानं. 'मी स्वतः रचला. शब्द माझे, चाल माझी.' म्हण बघू."

"शब्द माझे, चाल माझी," सासूबाई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर नदीकडे बघत बसल्या.

कोचकोरहून राजधानीला, बिश्केकला जाणारी भाड्याची गाडी बोओमच्या घाटात वळणं घेत होती. पुढे ड्रायव्हरशेजारी एक जाडा गृहस्थ घोरत होता. मागच्या सीटवर एका खिडकीला सासूबाई, आमची अपा, म्हणजे आई, दुसऱ्या खिडकीला त्यांना पढवणारी माझी नणंद बेरमेत आणि मध्ये मी, मांडीवर बोर्सोकांची पिशवी घेऊन. तळलेल्या कणकेचा वास सगळ्या गाडीत पसरला होता.

"एजे, ताई, मलापण शिकवा की," ड्रायव्हर आरशातून म्हणाला. "मीपण म्हणतो रोज, गाडी माझी, रस्ता माझा. पण पोलीस ऐकून घेत नाही हो."

"तू गप बस आणि पुढं बघ, दादा," मी म्हटलं. "आमच्या वकीलबाई कामात आहेत."

बेरमेत हसली नाही. विद्यापीठात कायद्याच्या चौथ्या वर्षाला होती. वकील व्हायला अजून अवकाश होता, पण आईचं मुखत्यारपत्र घेऊन ती त्या दिवशी आईच्या बाजूने उभी राहणार होती. मी तिला दहा वर्षांची असल्यापासून ओळखते. या घरात मी सून म्हणून आले तेव्हा तिने मला पहिला प्रश्न विचारला होता, "वहिनी, तुझ्या पेटीवर माझा हक्क किती?" तेव्हापासून ती माझी वकीलबाई.

सासूबाईंचं नाव मी या गोष्टीत घेणार नाही. सासऱ्यांचंही नाही. आमच्याकडे सून सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव घेत नाही, आणि तुमच्याकडेही बायका नवऱ्याचं नाव घेताना अडखळतात असं ऐकून आहे, तेव्हा तुम्ही समजून घ्याल. कोर्टाच्या कागदावर दोघांचीही नावं आहेत. ज्याला हवीत त्याने तिथे वाचावीत.

सासरे मी पाहिले नाहीत. ते मेंढपाळ होते. उन्हाळी कुरणावरून कळप खाली आणताना घोड्यावरच त्यांचं हृदय बंद पडलं, आणि घोडा त्यांना घेऊन अंगणात येऊन उभा राहिला. माझा नवरा तालाय तेव्हा शाळेत होता, बेरमेत पाच वर्षांची. सासूबाईंनी रीतीप्रमाणे वर्षभर काळे कपडे घातले आणि वर्षभर सकाळ-संध्याकाळ कोशोक म्हटला. कोशोक म्हणजे गेलेल्या माणसासाठी घरच्या बाईने रडत म्हणायचं गाणं. वर्षश्राद्धाच्या दिवशी तो शेवटचा म्हणायचा, मग काळे कपडे उतरवायचे. त्यानंतर तो कोशोक परत तोंडावर आणायचा नाही, म्हटला तर घरात दुसरं मरण येतं. त्या शेवटच्या दिवशी सरकारी रेडिओची माणसं गावात आली होती, त्यांनी तो फितीवर घेतला. "देशाच्या ठेव्यात राहील, एजे," म्हणाले, चहा प्याले आणि गेले.

बेरमेतला बाप आठवत नाही. जे काही ठाऊक आहे ते कधीमधी रेडिओवर लागणाऱ्या त्या कोशोकातलं. बाप दाराशी आला की दोनदा खोकायचा, म्हणजे बायकोने चहा टाकायचा. मुलीसाठी बुटात साखरेचा खडा लपवून आणायचा आणि तिला शोधायला लावायचा. "ती मुलगी मी आहे, वहिनी," एकदा ती मला म्हणाली होती. "आणि हे मला रेडिओवरच्या गाण्यातून कळतं, बघ."

मग रेडिओच्या फिती जुन्या झाल्या, कुजायला लागल्या. सरकारने त्या नीट करायला एका कंपनीला दिल्या. कंपनीने नीट केल्या, आणि त्यावर स्वतःचं कुलूप लावलं. आमच्या शाळेच्या समारंभाचा व्हिडिओ कुणीतरी नेटवर टाकला होता, मागे एका म्हाताऱ्याचं जुनं गाणं वाजत होतं. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या तक्रारीवरून व्हिडिओ गायब. म्हातारा आमच्याच गावचा, त्याची नात नाचणाऱ्यांत होती. तिथून बेरमेतचं डोकं फिरलं.

तिने कंपनीला लिहिलं, माझ्या आईचा आवाज मला सगळ्यांसाठी मोकळा करायचा आहे, परवानगी द्या. कंपनीने उलट शुल्काचा तक्ता धाडला. मग या पोरीने काय करावं? रेडिओतल्या एका निवृत्त माणसाकडून मिळालेल्या फितींची सगळी गाणी तिने नेटवर ठेवली, सगळ्यांना फुकट, आणि खाली स्वतःचं नाव, पत्ता, फोन नंबर. ओश बाजारात जाऊन बघा, पावलोपावली चोरून उतरवलेले सिनेमे मिळतात. न्यायाधीशांची पोरंही तिथूनच घेत असतील. सगळं शहर नकलेवर जगतं आणि कुणी कुणाला विचारत नाही. खटला झाला तो हिच्यावर, कारण हिने विचारलं.

"लपून ठेवायचं नाही का, शहाणे?" मी तिला तेव्हा म्हटलं होतं.

"लपवलं की ते चोरीचं होतं, वहिनी. मला चोरायचं नाहीये. मला म्हणायचंय की ते आपलंच आहे."

असली ती. तिच्या वर्गातली पाच-सहा पोरं तिच्याभोवती जमली होती. कायदा बदला म्हणायची. लोकांच्या पैशाने भरलेल्या फिती लोकांना परत द्या, म्हातारीच्या गाण्यावर सत्तर वर्षं कुलूप कशाला, असं पाट्यांवर लिहून हिवाळ्यात संसदेपुढे उभी राहायची. मी एकदा गेले होते पाहायला, पोरांची नाकं लाल झाली होती. येणारा-जाणारा चेष्टा करायचा. एक म्हातारा मेंढीच्या कातड्याची टोपी सावरत म्हणाला, "गाणी फुकट मागताय? मग लगे हात मटणपण मागा, मीही उभा राहतो तुमच्यात." बेरमेत त्याला अर्धा तास समजावत बसली. मटण एकाने खाल्लं की दुसऱ्याला उरत नाही, आजोबा, गाणं उरतं. म्हातारा म्हणाला, "ते खरं गं पोरी," आणि मटण आणायला निघून गेला.

शेवटी एका खासदाराने ऐकून घेतलं. कायद्यात दुरुस्ती मांडतो, म्हणाला, पण आधी एक स्वच्छ निकाल आणा, एखाद्या खऱ्या बाईचा, खऱ्या गाण्याचा. बेरमेतकडे खरी बाई घरातच होती. कंपनीच्या खटल्यात तिने आईच्या नावाने उलट दावा लावला. मला तिने तो भाजी निवडता निवडता समजावला होता. कोशोक जर अपाने स्वतः रचला असेल, तर ती त्याची लेखिका, आणि तिच्या परवानगीशिवाय कंपनीला तो विकता येत नाही. पण कोशोक जर कुणाचाच नसेल, आजी-पणजीपासून चालत आलेला असेल, तर लेखक कुणीच नाही, मग उरते फक्त फीत, आणि फीत कंपनीची.

"म्हणजे सगळं अपाच्या एका वाक्यावर," मी म्हटलं.

"एका वाक्यावर. आणि ते वाक्य खरं आहे, वहिनी. तुला माहीत नाही का?"

माहीत नसायला काय झालं? गावातल्या कालिपाचा नवरा गेला तेव्हा तिच्या मुली आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या होत्या. कोशोक म्हणायचा तर त्यांना दोन ओळीही येत नव्हत्या. सासूबाई चुलीशी बसून त्यांच्यासाठी शब्द जुळवत होत्या. एक ओळ म्हणायच्या, मान हलवायच्या, मोडायच्या, दुसरी म्हणायच्या. पीठ मळताना पाण्याचा अंदाज घ्यावा तशा. आख्ख्या गावाच्या मयतांना यांचेच शब्द असतात. पण गावात हे कुणी बोलत नाही, आणि का बोलत नाही हे मला ठाऊक होतं. बेरमेतलाही ठाऊक असायला हवं होतं. पण ती शाळेपासूनच शहरातल्या वसतिगृहात राहिलेली. तिला वाटलं अपा लाजते, थोडा सराव केला की झालं.

गाडीत तिने आणखी बरेचदा घोकून घेतलं. सासूबाई दर वेळी बरोबर म्हणाल्या. लहान पोर हट्टाला पेटलं की आपण जसं हो हो म्हणतो, तसं.

कोर्टाची खोली लहान होती. न्यायाधीशबाईंनी केस सोनेरी रंगवले होते आणि टेबलाखाली पायाशी विजेची शेगडी लावली होती, तिचा तांबडा उजेड त्यांच्या बुटांवर पडला होता. कंपनीचा वकील तरुण, देखणा, बेरमेतच्याच विद्यापीठातून काही वर्षांपूर्वी बाहेर पडलेला. त्याने सासूबाईंसाठी खुर्ची ओढून दिली आणि वाकून नमस्कार केला. मला तो आवडला, आणि त्याचाच राग आला.

कारकुनाने सासूबाईंचं नाव मोठ्याने पुकारलं तेव्हा दचकले ती मी. मग त्याने सासऱ्यांचंही नाव पुकारलं, आडनावासकट, जसं पोस्टात पुकारतात. सासूबाईंनी डोकीचा रुमाल पुढे ओढला.

बेरमेत आधी बोलली. काळा कोट तिने मैत्रिणीकडून मागून आणला होता, खांद्यात ढगळ होता. पण बोलली छान. आवाज कुठे थरथरला नाही. फीत इथे वाजवावी, अशी तिने विनंती केली. न्यायाधीशबाई म्हणाल्या, शब्दांचा उतारा कागदावर जोडलेला आहे, वाजवायची गरज नाही. तिला ते लागलं, दिसलं मला, पण तिने मान तुकवली.

मग सासूबाईंना उभं केलं. पोटावर हात बांधून त्या उभ्या राहिल्या.

"आजी, घाबरू नका," न्यायाधीशबाई म्हणाल्या. बाई वाईट नव्हती. "हा विलाप तुमच्या आवाजात आहे, हे दोन्ही बाजूंना मान्य आहे. मला एवढंच सांगा, हा तुम्ही रचला का?"

बेरमेत आईकडे बघत होती. तिचे ओठ न बोलता हलत होते, शब्द माझे, चाल माझी.

"मी काय रचणार, बाई?" सासूबाई म्हणाल्या. "माणूस घरात आडवा पडला होता. त्या वेळी कुणी रचत बसतं का? त्यानंच रडवून घेतलं माझ्याकडून. शब्द जुन्या म्हाताऱ्यांचे. मी फक्त तोंड उघडलं."

कंपनीचा वकील अर्धवट उठला, म्हणाला, "मला आणखी काही विचारायचं नाही," आणि खाली बसला. त्याने बेरमेतकडे पाहिलंही नाही. तेवढी लाज त्याला होती.

"आजी, नीट विचार करून सांगा," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "म्हणजे ही तुमची रचना नाही?"

"नाही," सासूबाई म्हणाल्या. "असलं काही मी करणार नाही."

बेरमेत उठली. आता तिची पाळी होती, आणि तिच्याकडे प्रश्न होते. मी समोर बसून ते सगळे ऐकू शकत होते. अपा, कालिपाच्या मुलींना कोशोक कुणी शिकवला? अपा, चुलीशी बसून ओळी कोण मोडतं आणि कोण जोडतं? अपा, बुटातला साखरेचा खडा कुठल्या जुन्या म्हातारीला ठाऊक होता? हा एकच प्रश्न पुरला असता. त्याच्यापुढे सासूबाईंना खोटं बोलता आलं नसतं. त्यातून नसतं जमलं तर मी होतेच. सून म्हणून मला साक्षीला बोलावता आलं असतं, आणि भर कोर्टात मला सांगावं लागलं असतं की माझी सासू खोटं बोलते.

बेरमेतने तोंड उघडलं. सासूबाई तिच्याकडे पाहत होत्या. त्यांच्या तोंडावर मी कधी विनवणी पाहिली नव्हती. नवरा गेल्यावर पोरं वाढवली, गाई सांभाळल्या, माझा नवरा रशियात गोदामात काम करायला गेला तेव्हाही त्यांनी दारातून हात केला आणि गोठ्यात गेल्या. ती बाई लेकीकडे विनवणीने बघत होती.

बेरमेतने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग समोरचे कागद गोळा करून सरळ केले.

"माझे काही प्रश्न नाहीत," ती म्हणाली.

दुपारी निकाल झाला. कोशोक लोकांचा, रचनाकार कुणी नाही, फितीचा हक्क कंपनीचा. बेरमेतने नेटवरची सगळी गाणी काढावीत, तिच्याजवळच्या सगळ्या प्रती तीन दिवसांत नष्ट कराव्यात आणि तसं लिहून द्यावं. फिती वादात सापडल्या म्हणून कंपनी आता त्या कुणालाच ऐकवणार नाही, कोठारात ठेवणार, असं तो देखणा वकील निकालानंतर आम्हाला बाहेर म्हणाला. "मलाही वाईट वाटतं, बहिणी. तू फार चांगली बोललीस. शिक्षण झालं की भेट आम्हाला, तुझ्यासारखी माणसं लागतात."

"कशाला लागतात?" बेरमेतने विचारलं. त्याने बॅग उचलली आणि निघून गेला.

बाहेर तिच्या गटातली पोरं उभी होती. त्यांतला एर्मेक, तिचा उजवा हात, दाढीवाला, तापट. तो खासदाराला फोन लावत होता आणि खासदार उचलत नव्हता. शेवटी त्याने फोन खिशात कोंबला आणि बेरमेतला रशियनमध्ये म्हणाला, म्हातारीला कळू नये म्हणून, "दोन वाक्यं! दोन वर्षं आपण थंडीत उभे राहिलो, आणि हिला दोन वाक्यं बोलता आली नाहीत?"

सासूबाईंना रशियन माझ्यापेक्षा चांगली येते. सामूहिक शेतीच्या काळात त्या दूधकेंद्रावर होत्या, तिथला सगळा कारभार रशियनमध्येच चालायचा. त्यांनी काही ऐकल्याचं दाखवलं नाही. माझ्या हातातली बोर्सोकांची पिशवी घेतली आणि एर्मेकपुढे धरली. "खा, बाळा. सकाळपासून उभा आहेस."

त्याचा चेहरा पडला. त्याने एक बोर्सोक घेतला, खाल्ला नाही, हातात धरून उभा राहिला. मग बेरमेतला बाजूला नेऊन हळूच म्हणाला, "एक प्रत माझ्याकडे राहू दे. कुणाच्या बापाला कळणार नाही."

"नको."

"अगं, तुझ्या बापाचं गाणं आहे ते!"

"म्हणूनच नको. कंपनीवाले म्हणत होते, आपण चोर आहोत. आता लपवलं तर ते खरं ठरेल. सगळ्यांना सांग, पुसून टाका."

पोरांनी पुसलं. विद्यापीठातूनही बोलावणं आलं होतं, पुन्हा असं काही केलं तर सरकारी खर्चाची जागा जाईल असं तिला ऐकवलं गेलं. गटातल्या दोघांनी त्याच संध्याकाळी सांगितलं की परीक्षा जवळ आल्यात, आता येणं जमायचं नाही. संसदेपुढे उभं राहायला एर्मेक आणि ती उरली, आणि एर्मेक तिच्याशी बोलत नव्हता.

आम्ही गावी परतलो तेव्हा ती बरोबर आली. सगळं पुसून झालं होतं, एक कोशोक तेवढा लॅपटॉपमध्ये उरला होता. तो इथे पुसायचा, म्हणाली. घाट संपल्यावर सासूबाईंनी विचारलं, "मी काही चुकीचं बोलले का गं?"

"नाही, अपा," बेरमेत म्हणाली. "बरोबर बोललीस."

दुसऱ्या दिवशी सासूबाई गोठ्यात असताना मी तिला चुलीशी गाठलं. मला राहवलं नाही. "काय बरोबर बोलली? तुझं सगळं मातीत गेलं, आणि वर तू त्यांना शाबासकी देतेस! एक प्रश्न विचारायचा होतास. एकच."

"विचारला असता तर काय सिद्ध झालं असतं, वहिनी?" तिने शांतपणे विचारलं. "की बाबा घरात पडले होते आणि अपा ओळी जुळवत होती. रडता रडता एक शब्द टाकून दुसरा चांगला बघत होती. तेच ना? ते खरं आहे. पण ते तिच्या तोंडून वदवून घेऊन मी जिंकले असते, तर ती उद्या कुणाच्या मयताला जाऊन बसली असती? बायकांनी तिच्याकडे कसं पाहिलं असतं?"

मी चुलीत एक लाकूड सारलं.

"मला आधी कळायला हवं होतं," ती म्हणाली. "मी तिला गाडीत पाठ करून घेत होते. परीक्षेला बसवल्यासारखं." आणि मग ती रडली. निकाल लागला तेव्हा रडली नव्हती. पिठाच्या हातांनी डोळे पुसायला गेली, ते मी पुसले.

"शब्द तरी पाठ आहेत ना तुला?" मी विचारलं.

"शब्द पाठ आहेत. आवाज कसा पाठ करू?"

तिसऱ्या दिवशी दुपारी तिने लॅपटॉप स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला. लिहून द्यायचा कागद शेजारी होता. मी चहा ओतत होते. सासूबाई आत आल्या, हात धुतले, पुसले आणि म्हणाल्या, "पुसायच्या आधी लाव."

आम्ही दोघी त्यांच्याकडे बघत राहिलो. तो कोशोक त्यांनी वर्षश्राद्धानंतर कधी ऐकला नव्हता. बेरमेत ऐकायची तेव्हा त्या उठून बाहेर जायच्या.

"अपा, तूच म्हणतेस ना, ऐकू नये."

"म्हणू नये. ऐकायचं नाही असं कुणी म्हटलेलं नाही. मला ऐकवलं नसतं म्हणून मी जायचे. लाव."

त्यांनी रुमाल सोडून पुन्हा घट्ट बांधला. मग टेबलाकडे न येता कोपऱ्यात गेल्या, जमिनीवर अंथरलेल्या नमद्यावर गुडघे मोडून बसल्या, आमच्याकडे पाठ आणि भिंतीकडे तोंड करून, दोन्ही हात कमरेवर. मयताच्या तंबूत विधवा अशीच बसते. येणाऱ्या-जाणाऱ्याने तिचं तोंड बघायचं नसतं.

बेरमेतने लावलं.

आधी वारा, कुत्र्याचं भुंकणं, कुणाच्या तरी पावलांचा आवाज. मग तो आवाज. मी या बाईबरोबर दहा-बारा वर्षं एका चुलीवर स्वयंपाक केला आहे. भांडले आहे, हसले आहे, तिच्या शिव्या खाल्ल्या आहेत. हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. माझ्याएवढ्या वयाच्या बाईचा आवाज होता तो. तो वर चढायचा आणि तिथेच थांबून खाली बघायचा, आणि मग एकदम घराच्या आतल्या गोष्टी सांगायला लागायचा, साध्या, चहाच्या, बुटांच्या. माझ्या हातातली किटली मी खाली ठेवली. मला तालायची आठवण आली, तो तिकडे गोदामात पेट्या उचलत असेल. मला इतकी भीती कधी वाटली नव्हती.

मध्येच फितीवर एका लहान मुलीचा आवाज आला. "अपा, उठ ना. अपा, भूक लागली." कुणीतरी तिला गप्प केलं. कोशोक थांबला नाही, फक्त एक ओळ जरा ओढली गेली आणि पुढे सरकली.

बेरमेतने याबद्दल मला कधी सांगितलं नव्हतं. ती टेबलाची कड धरून उभी होती. सासूबाईंच्या पाठीत काहीही हललं नाही.

संपलं. लोकांच्या कुजबुजीचा आवाज, पुन्हा कुत्रा, आणि फीत थांबली.

"पूस," सासूबाई भिंतीकडे बघतच म्हणाल्या.

बेरमेतचं बोट त्या खुणेवर गेलं आणि तिथेच राहिलं. तिने ते काढून घेतलं, पुन्हा ठेवलं. माझ्याकडे पाहिलं. आपल्या घरातली नकोशी कामं कुणाची असतात? कोंबडी कापायची तर सून, मेलेलं वासरू ओढून टाकायचं तर सून. मी तिला बाजूला सारलं. यंत्राने विचारलं, नक्की पुसायचं का, परत मिळणार नाही. या सगळ्या प्रकरणात एवढं विचारणारं ते पहिलंच. मी हो केलं.

बेरमेतने कागदावर सही केली, तारीख घातली. एवढं सगळं होईपर्यंत सासूबाई तशाच बसलेल्या होत्या. मी म्हटलं, "अपा, चहा निवतोय." त्यांनी ऐकलं नाही. बेरमेत दोन पावलं पुढे गेली आणि थांबली, कारण तिलाही आठवलं. कोशोक म्हणून झाल्यावर बाई आपणहून उठत नाही. घरातल्या तिच्याहून मोठ्या बाईने जायचं असतं, खांद्याला धरून तिला वळवायचं असतं, पुरे म्हणायचं असतं. धाकट्यांनी हात लावायचा नसतो.

आम्ही दोघी उभ्या राहिलो. घरात त्यांच्याहून मोठं कुणी नव्हतं.